जाई, बांगडा आणि नाक

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या बांगड्यांच्या राशींपासून जाईच्या झेल्यांपर्यंत जायला फार चालावे लागत नाही, आणि तेवढ्या अंतरात माणूस एकदा नाक मुरडतो व लगेच दीर्घ श्वासही घेतो. त्या अवधीत नाकात काय घडते हे कळले, की मुरडण्यातला तोरा बराच उतरतो.

बांगड्याचा वास आला, याचा अर्थ बांगड्यातून सुटलेले रेणू प्रत्यक्ष आपल्या नाकात शिरले. (शाकाहारी मंडळींनी हे फार मनाला लावून घेऊ नये.) नाकाच्या छतापाशी, पातळ शेंबडाच्या थरात ते विरघळतात आणि चेतापेशींच्या सूक्ष्म केसांवरील ग्राहक प्रथिनांना चिकटतात. प्रथिनाची घडण किंचित बदलते, पेशीत रासायनिक घडामोडींची साखळी सुरू होते, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. या ग्राहकांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

माणसापाशी असे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत, आणि वास मात्र अगणित. प्रत्येक वासासाठी वेगळा ग्राहक नसतोच. एक रेणू अनेक ग्राहकांना जागे करतो, एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो, आणि पेटीवर एकाच वेळी दाबलेल्या पट्ट्यांसारखा त्यांचा मेळ मेंदू ओळखतो.

मला खरी गंमत वाटते ती इंडोलची. जाईच्या सुगंधातला हा एक घटक विष्ठेतही असतो. अगदी विरळ असताना तो फुलाला भरदारपणा देतो. दाट झाला, की आणखी काही ग्राहक जागे होतात, मेळ बदलतो आणि त्याच रेणूला आपण दुर्गंध म्हणतो. देवाला वाहिलेल्या झेल्यातही तो असतोच, फक्त बेताने.

सतत त्याच वासात राहिले, की ग्राहकपेशी थकल्यासारख्या मंदावतात आणि मेंदूही त्या संदेशाकडे दुर्लक्ष करू लागतो. म्हणूनच सकाळपासून राशींमागे बसलेल्या मासळीवालीला, दिवसभर हा वास कसा सहन होतो, असे विचारले, तेव्हा तिने बांगडे मोजता मोजता मलाच विचारले, "कसलो वास?"