ब्योमकेश, अजित आणि जुन्या ठाण्यातली रेकी

भाचीला कॉलेजसाठी लघुपट करायचा आहे. गुप्तहेराचा, आणि तोही १९३०च्या दशकात घडणारा. जागा शोधायला ती फोर्ट आणि गिरगाव पालथं घालणार होती. मी म्हटलं, आधी ठाणं बघ. जुनं ठाणं, घोडबंदरकडचं नव्हे. मग नेरूळहून ट्रान्स हार्बरची लोकल पकडली आणि दोघी रेकीला निघालो. ऐरोली मागे पडेपर्यंत तिने मोबाइलवर ‘ब्योमकेश बक्षी’चा एक भाग संपवला होता.

ही मालिका तिला मीच पाहायला लावली. १९९३ साली दूरदर्शनवर आली तेव्हा आमच्या घरी त्या वेळेत कुणी कुणाला हाक मारत नसे. बासू चटर्जींचं दिग्दर्शन, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपली सुकन्या कुलकर्णी. ब्योमकेशला कुणी डिटेक्टिव्ह म्हटलेलं खपत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. सकाळी वर्तमानपत्र हातात घेतलं की बातम्या सोडून जाहिराती वाचत बसतो, कारण खरी खबर त्याच्या मते तिथेच असते. अशा विक्षिप्त माणसाला सांभाळून घेणारा, त्याच्याबरोबर राहणारा, त्याच्या गोष्टी लिहून ठेवणारा अजित मला तेव्हाही जास्त आवडायचा आणि आजही आवडतो. त्याला उलगडा होत नाही, पण दिसतं आणि ऐकू येतं सगळं. ते त्याने लिहून ठेवलं म्हणून तो काळ आपल्यापर्यंत पोहोचला.

आणखी एक गोष्ट मी तिला गाडीतच सांगितली. ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पटकथा लिहायला आले आणि १९५२ नंतर पुण्यात स्थायिक झाले. म्हणजे कोलकात्याच्या गल्ल्यांतल्या कितीतरी ब्योमकेशकथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. तेव्हा सत्यान्वेषी ठाण्यात आणायला कुणाची हरकत नसावी.

स्टेशनबाहेर पडल्यावर आधी सुभाष पथावरचं मराठी ग्रंथसंग्रहालय. १ जून १८९३ रोजी स्थापन झालेली ही संस्था. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. इथे आम्ही ब्योमकेशच्याच वाटेने गेलो: जुन्या मासिकांमधल्या जाहिराती बघायला बसलो. केसांची तेलं, घड्याळं, टॉनिकं, शिवणयंत्रं. भाची भराभर लिहून घेत होती. माणसं काय विकत घेत होती आणि कशाला घाबरत होती, हे त्या चौकटींत जेवढं कळतं तेवढं अग्रलेखांत कळत नाही. कलादिग्दर्शनाचं निम्मं काम तिथेच झालं.

मामलेदार मिसळ खाऊन (ती खाल्ल्याशिवाय जुनं ठाणं पायी फिरू नये, असं माझं ठाम मत आहे) जांभळी नाक्याकडे वळलो. कौपिनेश्वराचं देऊळ, शेजारी मासुंदा तलाव, तलावाच्या पलीकडे पोर्तुगीज काळापासूनचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. पेशवाईतले सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यातलं भलंमोठं शिवलिंग पाहून भाची बराच वेळ बोलली नाही. पण चित्रीकरणाच्या दृष्टीने तलावपाळी बादच. कॅमेरा कुठेही वळवा, मागे उंच इमारत येतेच, आणि गाड्यांच्या हॉर्नमधून आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही.

टेंभी नाक्याच्या बाजूला १८७९ सालचं ‘शार हाशामाइम’ हे बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. कोकणातून आलेला, तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज. घरात मराठी बोलणारा, कीर्तनंसुद्धा मराठीत करणारा. बाहेर उभी राहून भाची म्हणाली, “मावशी, माझा अजित इथला असेल. रेल्वेत कारकून. सगळ्या आळ्या माहीत असलेला.” मला ही कल्पना फार आवडली. मदतनीस गावचाच हवा. गुप्तहेर कुठूनही यावा.

तिथून ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. आत जायचा प्रश्नच नव्हता, रस्त्यावरूनच तटाची भिंत पाहिली. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ च्या स्वारीत मराठ्यांनी घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे हे जॅक्सन वधातले क्रांतिकारक फासावर गेले. ही नावं घेतल्यावर आम्ही दोघीही थोडा वेळ गप्प उभ्या होतो.

आणि मग तिला मी त्रिंबकजी डेंगळ्यांची हकिगत सांगितली. खरं तर तेवढ्यासाठीच तिला इथे आणलं होतं. १८१५ च्या जुलैमध्ये पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. संशय दुसऱ्या बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजींवर. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशव्यांवर दबाव आणून त्यांना ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबलं. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा, म्हणजे आतून कुणी फितूर होण्याची भीती नको. तरी १८१६ च्या सप्टेंबरमध्ये कैदी पसार झाला.

मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने हे कसं घडलं ते लिहून ठेवलं आहे. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, नोकरीला होता. साहेबाचा घोडा फिरवायला काढला की तो त्रिंबकजींच्या खिडकीखालून येई-जाई आणि सहज गुणगुणावं तसं गात असे. निरोप त्या गाण्यात असे. पहारेकऱ्यांच्या कानांवर ते गाणं पुन्हा पुन्हा पडत होतं, पण मोतद्दार गाणारच, त्यात काय ऐकायचं! भाषा कळत नव्हती हे खरंच, पण ऐकायची गरजही कुणाला वाटली नाही.

भाची एकदम थांबली. “मावशी, हे तर ‘रास्ते का काँटा’ आहे!”

अगदी बरोबर. मालिकेतल्या त्या भागात भर रस्त्यात चालता चालता माणसं कोसळतात, छातीत ग्रामोफोनची पिन. मारेकरी कुणालाच दिसत नाही. उत्तर असतं रस्त्यावरच्या एका रोजच्या आवाजात. कुठल्या, ते इथे लिहीत नाही, कारण ज्यांनी पाहिलं नाही त्यांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. पण मूळ कथा १९३२ सालची आणि ठाण्याची हकिगत त्याच्याही शंभर वर्षं आधीची, आणि दोन्हींचा जीव एकाच जागी आहे: सगळ्यांना ऐकू येणारा, कुणीच न ऐकलेला आवाज.

तिथून पुढे आमची रेकीच बदलली. तोवर जुने दरवाजे, कौलं, कठडे शोधत होतो. आता ऐकायला लागलो. जुना काळ उभा करायला धोतर, कंदील, टांगा जमवता येतो. पण मागून रिक्षाचा हॉर्न आला की सगळं पुसलं जातं. ‘ब्योमकेश बक्षी’तली ती साधी खोली, चहा, दोन मित्रांचं संथ बोलणं इतकं खरं का वाटतं, ते मला त्या तटाखाली कळलं. बासूदांनी त्यांना शांतपणे बोलू दिलं आहे. एकमेकांचं ऐकायला त्यांच्याकडे वेळ आहे, आणि आपल्याकडेही.

संध्याकाळी चेंदणी कोळीवाड्यात शिरलो. अरुंद गल्ली, दाराशी टोपल्या, सुकायला टाकलेली जाळी. एका जुन्या घराच्या माडीला लाकडी गज असलेली खिडकी दिसली, बरोबर गल्लीवर उघडणारी. ओट्यावरच्या आजींनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, “शूटिंगवाल्या का गो तुम्ही?” भाचीने सगळी गोष्ट सांगितली. मोतद्दाराचं गाणं आजींना फार पटलं. म्हणाल्या, “आवाज नको असंल तर पहाटंला या, पाचाला. मग गाड्या सुरू होतात.”

माडीवर जाऊन भाचीने फोनवर दहा मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड केला. भांडी, कोंबडा, कुणाचं तरी खोकणं, आणि मधूनच स्टेशनकडून येणारा गाडीचा खडखडाट. तो राहू दे, म्हणाली. ठाण्याला आगगाडी १८५३ पासून आहे, त्यामुळे १९३०च्या गोष्टीत तो चालेल. हॉर्न मात्र एकही नको.

जागा ठरली आहे. अजून दोन गोष्टी हव्या आहेत: चालू स्थितीतला चावीचा ग्रामोफोन, आणि मोतद्दारासाठी खुल्या गळ्याचा, पोवाडा म्हणणारा गायक. ठाणे किंवा नवी मुंबईत कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. चित्रीकरण थंडीत, पहाटे पाच ते सात. चहा आणि पोहे आमच्याकडून.