हर्णैचे कुरव : या थंडीतली प्रगती

यंदाच्या थंडीत कोकणातल्या हर्णै बंदरावर कुरवांच्या, म्हणजे सीगल पक्ष्यांच्या, जातींची यादी वाढवायची नाही, असं ठरवूनच गेलो होतो. नावं आता पटकन येतात, अडतं ते वयापाशी. म्हणून समोर येईल त्या कुरवाचं वय सांगायचं, एवढंच काम घेतलंय आणि ते जमू लागलंय.

सगळ्यात मोठा फरक पडला तो उभं राहायची जागा बदलल्यामुळे. कुरव वाऱ्याला तोंड देऊन बसतो. थंडीत सकाळी मतलई वारा जमिनीकडून वाहतो, ऊनही पूर्वेचं. तेव्हा पुळणीवर सूर्य पाठीशी घेतला की डोळा, चोच सगळं उजेडात मिळतं. दुपारी खारा वारा सुटतो आणि सगळा थवा पश्चिमेला वळतो. मग पुळणीवरून दिसतात फक्त शेपट्या आणि काळ्या आकृत्या. अशा वेळी जेटीच्या टोकाला जाऊन मावळतीकडे पाठ करायची आणि गावाकडे बघायचं. दुर्बीण तीच, ८×४२ची, पण चित्र पार वेगळं.

आता पक्ष्यांविषयी. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं थंडीत पांढरंच असतं, डोळ्यामागे एक गडद डाग तेवढा उरतो. जेटीच्या कठड्यावर एक अगदी जवळ बसला होता. बुबुळ फिकट, चोच लाल आणि टोकाला काळी. पंख ताणल्यावर काळ्या टोकात दोन पांढरे ठिपके दिसले. म्हणजे पूर्ण वाढलेला. पहिल्या थंडीतल्या पिल्लाला हे ठिपके नसतात, बुबुळ गडद असतं, पंखावर तपकिरी खुणा आणि शेपटीला काळी पट्टी असते. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर जन्मून इथवर आलेलं पोर ते! काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी, ती उडतानाच बघावी. आकाराने मोठ्या जातींच्या कुरवांना पूर्ण वाढीचा पिसारा यायला चारेक वर्षं लागतात. तिथे माझा अभ्यास अजून कच्चा आहे.

मासळीच्या लिलावाच्या गर्दीत कुरव शोधू नका. बैलगाड्या, पाट्या, बर्फ, बोली या सगळ्यात कावळे आणि घारीच जास्त. कुरव असतात ते जाळं साफ होत असेल तिथे. जाळी शिवत बसलेल्या एका खलाश्याला विचारलं तर मान वर न करता म्हणाला, “दादा, ती निळी होडी बघा. तिचं जाळं झाडायचं बाकी आहे.” थोड्याच वेळात त्या होडीवर सगळा थवा. बारीक मासळी पाण्यात पडली की वाढलेले पक्षी वरच्या वर उचलतात, पिल्लं मात्र दुसऱ्याच्या चोचीतलं हिसकावायला बघतात. निदान मी पाहिलं तेवढ्यात असंच होतं. वय ओळखायला ही सवयही उपयोगी पडेल का, ते तपासतोय.

पुढचं काम फेब्रुवारीत. पलासचा कुरव (Pallas's Gull, आकाराने मोठी जात) बाकीच्यांच्या आधी डोकं काळं करू लागतो, तो बदल टिपायचा आहे. जवळच्या आंजर्ल्याच्या खाडीकडे जाणाऱ्यांनी कुरवांचा नुसता आकडा देऊ नये. पहिली थंडी, दुसरी थंडी की पूर्ण वाढ, तेही लिहावं. शेपटीचा फोटो असेल तर फारच उत्तम.