लिस्बनची यात्रा होती की सहल?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे जागतिक युवा दिनाचा, म्हणजे जगभरातील कॅथलिक तरुणांचा मेळावा भरला. त्याला वसईतील आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या समाजातून, तरुणांचा एक गट गेला होता आणि त्या गटाची सोबतीण म्हणून मीही गेले होते. तेव्हापासून एकच प्रश्न मला वारंवार विचारला जातो. शाळेतील सहकारी तो कुतूहलाने विचारतात, नातेवाईक जरा संशयाने विचारतात आणि २०२७ च्या, दक्षिण कोरियातील सेऊलच्या मेळाव्यासाठी मुलांची नावे द्यावीत की नाही अशा विचारात पडलेले आईवडील काळजीने विचारतात: ‘खरे सांगा, ती यात्रा असते की प्रार्थनेच्या नावाखाली परदेशातील सहल?’

प्रश्न रास्त आहे. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि नोंदणीचे पैसे मिळून जी रक्कम होते, ती आमच्याकडच्या पुष्कळ घरांना सहज पेलणारी नाही. एवढा खर्च करून जे मिळणार, ते गावच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे तेथील मुख्य उपासना, ऐकून मिळत नाही का, असे कोणालाही वाटेल.

हा मेळावा काय आहे, ते थोडक्यात सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ च्या ईस्टर रविवारी एक मोठा लाकडी क्रूस तरुणांच्या हाती सोपवला आणि तो जगभर नेण्यास सांगितले. १९८६ मध्ये पहिला जागतिक युवा दिन रोममध्ये साजरा झाला. पुढे दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या देशात आठवडाभराचा मेळावा भरू लागला आणि तो क्रूस मेळाव्याआधी यजमान देशातून फिरू लागला. १९९५ मध्ये मनिला येथे समारोपाच्या मिस्साला चाळीस लाखांहून अधिक माणसे जमली होती, असे मानले जाते. लिस्बनला हा आकडा सुमारे पंधरा लाख होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझे उत्तर असे आहे की ती यात्रा ठरणार की सहल, हे लिस्बन किंवा सेऊल ठरवत नाही, तुमचा गट ठरवतो. महाराष्ट्रात हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. पंढरीच्या वाटेवर लाखो वारकरी चालतात, पण प्रत्येक जण कोणत्या तरी दिंडीचा असतो. कोणाच्या मागून चालायचे, कोणत्या पंगतीला बसायचे आणि रात्री कोठे पाठ टेकायची, हे त्याला त्या दिंडीमुळे ठाऊक असते. पंधरा लाखांच्या समुदायात एकटा माणूस प्रेक्षक होऊन जातो. गटातला माणूस मात्र कोणाचा तरी असतो, आणि कोणाची तरी जबाबदारी त्याच्यावर असते.

असा गट विमानतळावर तयार होत नाही. आमच्या तरुणांची तयारी निघण्याच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. लिस्बनच्या मेळाव्याचे बोधवाक्य बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातून, एकोणचाळिसाव्या ओवीतून घेतलेले होते: मरिया उठली आणि घाईने निघाली. देवदूताचा निरोप मिळाल्यावर ती डोंगराळ प्रदेशात आपल्या नात्यातील वयस्क, गरोदर अलीशिबेकडे गेली, तो हा प्रसंग आहे. आमच्या फादरांनी त्यावर मनन घेताना एकच अट घातली. ज्यांना लिस्बनला जायचे आहे, त्यांनी त्याआधी धर्मग्रामातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी नियमितपणे जावे, असे त्यांनी सांगितले. काही मुलांना सुरुवातीला हे ओझे वाटले. पुढे तीच मुले त्या घरांतील औषधांच्या वेळा लक्षात ठेवू लागली आणि निघताना त्या आजी-आजोबांच्या प्रार्थना कागदावर लिहून बरोबर घेऊ लागली. माझ्या मते आमची यात्रा तेथेच सुरू झाली.

पैशांच्या बाबतीतही गटाने एक गोष्ट केली आणि ती मला फार मोलाची वाटते. मुलांनी सणांच्या दिवशी चर्चच्या आवारात खाद्यपदार्थांचे स्टॉल लावले, मिळालेली सगळी रक्कम एकत्र ठेवली आणि ज्याला जितके कमी पडत होते, तितके त्याला त्यातून दिले. कोणाला किती मिळाले, हे फादरांखेरीज कोणालाही कळले नाही. मेळाव्याच्या आयोजनातही सामायिक मदतनिधीची पद्धत असते: नोंदणी करणाऱ्यांच्या वर्गणीतून गरीब देशांतील यात्रेकरूंना हातभार लावला जातो. आमच्या मुलांना ती पद्धत कोणी समजावून सांगावी लागली नाही.

गटातील काहींना व्हिसा मिळाला नाही. त्यांनी इतरांइतकेच कष्ट केले होते, त्यामुळे ती बातमी आली तो दिवस सगळ्यांनाच जड गेला. नंतर ज्या रात्री आम्ही लिस्बनच्या मैदानावर जागरणाला बसलो, त्या रात्री ती मुले वसईत मध्यरात्र उलटून गेली तरी सभागृहातील पडद्यासमोर आमच्याबरोबर बसून होती. ती लिस्बनला पोहोचली नाहीत, पण यात्रेला आलीच नाहीत, असे मी कधीही म्हणणार नाही.

लिस्बनमधील मुक्काम एका शाळेत होता. जमिनीवर अंथरूण, सकाळी स्नानासाठी रांग, जेवणासाठी रांग आणि बसगाड्या भरून गेल्या की पायपीट. रोज सकाळी धर्मशिक्षणाचे सत्र असे आणि त्यात बिशप तरुणांच्या प्रश्नांना उत्तरे देत. ३ ऑगस्टला एदुआर्दो सातवा उद्यानात पोप फ्रान्सिस यांचे स्वागत झाले, तेव्हा चर्चमध्ये सर्वांना जागा आहे, असे सांगून त्यांनी ‘सर्वांना’ हा शब्द पुन्हापुन्हा आमच्याकडून वदवून घेतला. दुसऱ्या दिवशी तेथेच क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे टप्प्याटप्प्याने स्मरण करणारी प्रार्थना, झाली. शहर पाहायला वेळ फार थोडा उरला, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते.

बेलें या भागात, वास्को द गामाचे थडगे असलेल्या जेरोनिमोस मठापासून जवळच, पापनिवेदनासाठी, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे सांगण्यासाठी, दीडशे छोटे कक्ष मांडलेले होते आणि ते पोर्तुगालच्या तुरुंगांतील कैद्यांनी तयार केले होते. शिक्षा भोगणाऱ्या हातांनी केलेल्या त्या कक्षांत जगभरातील तरुण क्षमा मागायला गुडघे टेकत होते. आमच्या गटातील एक मुलगा कित्येक वर्षांनी पापनिवेदनाला गेला तो तेथेच. तो काय बोलला हे मला ठाऊक नाही आणि ते विचारण्याचा मला अधिकारही नाही, पण त्यानंतर त्याने घरी वडिलांना फोन केला, एवढे मी पाहिले.

वसईच्या माणसाला लिस्बन परके वाटत नाही आणि आपलेही वाटत नाही. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. आमची आडनावे आणि आमच्या जुन्या चर्चच्या वास्तू त्या काळाच्या आहेत. ‘तुमचा धर्म त्यांनीच दिलेला ना?’ असे आमच्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेले आहे, आणि त्या प्रश्नाचा सल त्यांच्या मनात असतो. लिस्बनच्या मेळाव्यासाठी निवडलेल्या आश्रयदात्या संतांमध्ये जुआंव द ब्रितो यांचे नाव होते. १६४७ मध्ये लिस्बनला जन्मलेला हा माणूस तमिळ प्रदेशात आला, संन्याशाच्या वेषात लोकांमध्ये राहिला आणि १६९३ मध्ये ओरियूर येथे हुतात्मा झाला. आमचे संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले आणि १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मरण पावले. एक तिकडून येथे आला, दुसरा येथून आणखी पुढे गेला. ही दोन नावे शेजारी ठेवून मुले बोलत बसली, तेव्हा श्रद्धा कोणी कोणाला दान केली हा हिशेब त्यांच्या बोलण्यातून गळून पडला. यजमान धर्मग्रामातील लोकांना त्यांनी गोन्सालो गार्सियांची गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली. ती त्यांच्यासाठी नवी होती आणि त्यांनी ती मन लावून ऐकली.

५ ऑगस्टच्या संध्याकाळी तेजो नदीच्या काठच्या मैदानावर जागरण झाले. उन्हातून सामान घेऊन चालत आम्ही आमच्या ठरलेल्या विभागात पोहोचलो. पोप म्हणाले की, एखाद्या माणसाकडे वरून खाली पाहण्याचा हक्क आपल्याला एकाच प्रसंगी असतो, तो म्हणजे त्याला उठायला हात देताना. मग पवित्र साक्रामेंताची, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीची, आराधना सुरू झाली आणि दिवसभर गाणारा, नाचणारा तो जनसागर शांत झाला. मी घरी परतल्यावर सर्वांत अधिक सांगितले ते याच शांततेविषयी. पहाटे आम्हाला जाग आली ती गिल्येर्मे पेशोतो या पोर्तुगीज धर्मगुरूंनी मंचावरून वाजवलेल्या नृत्यसंगीताने. ते चित्रण पाहून आमच्याकडील काही वडीलधारी मंडळी नाराज झाली. मला मात्र त्यात वावगे काही दिसले नाही, कारण तीच मुले आदल्या रात्री गुडघ्यांवर होती.

म्हणून सेऊलविषयी विचारणाऱ्या पालकांना माझे सांगणे असे आहे. तो मेळावा २०२७ च्या ३ ते ८ ऑगस्टला आहे. पासपोर्टची मुदत आतापासून पाहून ठेवा, पण त्याआधी गटप्रमुखांना विचारा की गट किती वेळा एकत्र बसणार आहे, त्या बैठकांत प्रवासाच्या सूचनांखेरीज काय होणार आहे, ज्याला पैसे कमी पडतील त्याचे काय आणि ज्याला व्हिसा मिळणार नाही त्याचे काय. या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली, तर मुलाला निश्चिंत मनाने पाठवा. उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे भरण्याची घाई करू नका. आधी धर्मग्रामात गट उभा करा. आमच्या गटातून जाऊन आलेली मुले त्यासाठी मदतीला यायला तयार आहेत.