माझा अनुभव: एकाच घरात दोन कंबरा आणि दोन उलटे व्यायाम

एप्रिलमध्ये दहावीचे पेपर तपासायचं काम संपत आलं होतं, आठवडाभर रोज पाच-सहा तास खाली बसून समोर वाकून पेपर तपासले आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरायला बादली उचलली तर कंबरेत अशी कळ गेली की बादली तिथेच टेकवली. दोन दिवसांत दुखणं डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरलं. स्कूटीवर बसणं तर सोडाच, संडासला बसतानाही डोळ्यात पाणी यायचं.

आधी घराजवळच्याच एका क्लिनिकमध्ये गेली. तिथे मला वाकवून, झोपवून कोणी पाहिलंच नाही. कंबर दुखते म्हटलं की दहा दिवस मशीनचा शेक, ट्रॅक्शन म्हणजे कंबरेला ताण देणं, आणि व्यायामाचा एक छापील कागद. तोच कागद बाजूच्या बेडवरच्या काकूंच्या हातात, तोच माझ्या हातात. गुडघे छातीशी घ्या, बसून पायाचे अंगठे धरा, असं सगळं समोर वाकायचंच. मी दोन्ही वेळा मनापासून केलं आणि दहाव्या दिवशी कळ टाचेपर्यंत पोचली. मग नागपुरातच धंतोलीत एमआरआय काढला, रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी फुगून बाहेर आली, असं लिहून आलं आणि मी पारच घाबरली. झाडू मारणं बंद, खाली वाकणं बंद, रात्री कूस बदलायचीसुद्धा भीती.

शाळेतल्या एका मॅडमनी रामदासपेठेतल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंचं सांगितलं म्हणून गेली. ताईंनी पहिल्या दिवशी मशीन लावलंच नाही, पाऊण तास फक्त विचारणं आणि तपासणं. आधी ज्यासाठी सरळ दवाखान्यात पाठवावं लागतं ते सगळं विचारलं: लघवीला अडतं का किंवा कळत नाही असं होतं का, बसतो त्या जागेला बधीरपणा आहे का, ताप, वजन कमी होणं, कधी टीबी किंवा कॅन्सर झाला होता का, रात्री झोपल्यावरही न थांबणारं दुखणं आहे का. यातलं लघवीचं किंवा बसायच्या जागेच्या बधीरपणाचं काही असेल ना, तर व्यायाम-बियाम काही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं आणि मीही सगळ्यांना सांगून राहिली.

मग नऊ प्रश्नांचा एक फॉर्म. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात तयार झालेला, नाव स्टार्ट बॅक. त्यात पाय दुखतो का हे आहेच, पण शेवटच्या पाच प्रश्नांत भीती, काळजी, हे कधी बरंच होणार नाही असं वाटतं का, असंही आहे. माझे एकूण सहा आले आणि त्यातले चार शेवटच्या पाचातले, म्हणजे हाय रिस्क, दुखणं रेंगाळायचा धोका जास्त. मी रडायलाच लागली. ताई म्हणाल्या, "मॅडम, याचा अर्थ तुमची कंबर जास्त खराब आहे असा नाही. याचा अर्थ तुमच्याशी मला जास्त बोलावं लागेल." आणि बोलल्या खरंच. काहीच दुखत नाही अशा लोकांचेही एमआरआय अभ्यासलेत म्हणे, त्यात विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या डिस्कला बल्ज दिसतो. हे वाक्य मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त कामी आलं.

त्यानंतर हातोडीने घोट्याचा झटका, अंगठ्याची ताकद, सरळ पाय उचलणं. मग उभं राहून दहा वेळा समोर वाकायला लावलं तर कळ पोटरीत उतरली. मग पोटावर झोपून, हातावर जोर देऊन फक्त छाती वर उचलायची, कंबर सैल, असं दहा वेळा. चौथ्या-पाचव्या वेळी पोटरी मोकळी झाली, दहाव्यापर्यंत कळ नितंबात आली आणि कंबर मात्र जास्त दुखायला लागली. मी म्हटलं, ताई वाढलं ना! तर त्या खूश. पायातलं दुखणं वर सरकत कंबरेत गोळा होणं याला सेंट्रलायझेशन म्हणतात आणि ते चांगलं लक्षण आहे. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात एक पेशंट चुकून डोक्याकडून वर केलेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला आणि त्याचा दुखरा पायच मोकळा झाला, तिथून हा विचार सुरू झाला असं त्यांनी सांगितलं.

त्यांच्या सांगण्यावरून मला जे समजलं ते असं: १९९५ पासून कंबरदुखीच्या पेशंटचे उपचारानुसार चार गट करायची एक पद्धत आहे. कोणाला मणका हाताने हलवून मोकळा करायचा, कोणाला ठरावीक दिशेचा व्यायाम, कोणाला स्नायूंची ताकद आणि कोणाला ट्रॅक्शन. सगळे पेशंट या चारात नीट बसत नाहीत, काही दोन गटांत बसतात, हेही त्यांनी लपवलं नाही. माझा गट ठरावीक दिशेचा, दिशा मागची. दर दोन-तीन तासांनी दहा वेळा, बसताना कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी, सकाळी उठल्या उठल्या वाकायचं नाही. तीन आठवड्यांत पाय पूर्ण मोकळा झाला. मग त्यांनी परत तपासून गट बदलला, आता पोट-पाठीच्या ताकदीचे व्यायाम आणि हळूहळू समोर वाकणंही सुरू. वाकायची भीती आयुष्यभर धरायची नाही, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं.

आता बाबांचं. बाबा ७१ वर्षांचे, रेल्वेतून रिटायर, कंबर त्यांचीही जुनीच. मला बरं वाटलं हे पाहून त्यांनी मला न सांगता माझाच व्यायाम सुरू केला, रोज सकाळी पालथं झोपून छाती वर. चार दिवसांत दोन्ही पायांना मुंग्या आणि अंबाझरीच्या बगिच्यात अर्धी फेरी होत नाही तर बाकावर बसावं लागे. मला फार अपराधी वाटलं, माझ्याच घरात त्या छापील कागदासारखंच झालं.

ताईंनी त्यांना विचारलं, "काका, चालताना पाय भरून आले की नुसतं उभं राहून बरं वाटतं की बसावंच लागतं?" बसावंच लागतं. "सायकल?" सायकल तर कितीही चालवतो म्हणाले, भाजीचा ठेला ढकलतात तसं वाकून चाललं तरी बरं वाटतं. पायाच्या घोट्याजवळची नाडी पाहिली, ती ठीक होती, म्हणजे रक्तपुरवठ्याचं काम दिसत नव्हतं. वयामुळे मणक्यातली नसांची जागा अरुंद झाली की मागे वाकल्याने ती आणखी आवळते आणि समोर वाकल्याने मोकळी होते. म्हणून बाबांना गुडघे छातीशी घ्यायचे, सायकल आणि पायांची ताकद. तोच व्यायाम, ज्याने माझी कळ टाचेत नेली होती!

आता सकाळी कूलरसमोर दोन चटया असतात, मी पालथी आणि बाबा उताणे. बाबांची बगिच्यातली एक पूर्ण फेरी होते आता, दुसरीला बाक लागतो. पंधरा दिवसांनी परत तपासणी आहे, तोवर पाऊल लटकं पडायला लागलं किंवा पायाची ताकद कमी वाटली तर थांबायचं नाही, सरळ सर्जनला दाखवायचं असं ताईंनी चिठ्ठीवर लिहून दिलंय, ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावून ठेवली आहे.