दिवेलागणीची फुलं

३० जुलै

आज पाचवा गळला. करंगळीच्या पेराएवढा दुधी, अंगावर मऊ लव, टोकाला मिटून गेलेलं पांढरं फूल. परवा हिरवागार होता. आज टोकाकडून पिवळा पडला होता आणि बोट लागताच देठातून सुटून हातात आला. ऑफिसला निघायची घाई होती, तरी दोन मिनिटं तो तळहातावर घेऊन तशीच उभी राहिले.

वेलाला मी काही कमी केलेलं नाही. मोठ्या निळ्या पिंपाचा अर्धा भाग, तळाला भोकं, त्यावर विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या, मग वाळका पाला, वर निम्मी माती आणि निम्मं मुरलेलं शेणखत. बिया आत्याच्या. मे महिन्यात वाईला गेले तेव्हा तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून ८ बिया दिल्या होत्या. ७ जूनला, रात्रभर भिजवलेल्या दोन लावल्या. सहाव्या दिवशी दोन्ही वर आल्या. जोमदार रोप ठेवलं, दुसरं उपटलं.

जुलैच्या सुरुवातीला आत्याच्याच सांगण्यावरून शेंडा खुडला. दुधीच्या मुख्य वेलावर नर फुलंच जास्त येतात, मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर. वाढता शेंडा नखाने तोडताना अगदी जिवावर आलं होतं. पण फांद्या फुटल्या, आठवड्यापूर्वी नर फुलं आली आणि त्यांच्या मागोमाग मादी कळ्याही. लांब बारीक देठाचं ते नर फूल, फुलाखाली इवलासा दुधी असेल तर मादी, एवढं आता मला लांबूनही ओळखता येतं. मग गळतात का? पाणी कमी करून पाहिलं. चुलीची राख मागवून घातली. गळतातच.

१ ऑगस्ट

आत्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फूल उमललेलं बघितलंस का गं कधी?"

"नाही. मी पाणी घालायला जाते तेव्हा मिटलेलंच असतं."

"कधी जातेस?"

"सकाळी. साडेआठला."

"मग तुला काय दिसणार, बाई? दुधी दिवेलागणीला फुलतो. दोडका, पडवळ पण तसंच. काकडी, भोपळा, घोसाळं ही सकाळची. तू संध्याकाळी जाऊन बस वेलापाशी."

आठ आठवडे रोज न चुकता मी त्या वेलाकडे जात होते. पानाखालची कीड बघत होते, माती बोटाने उकरून ओल बघत होते. त्याचं उमललेलं फूल मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर हे मनाला फार लागलं.

२ ऑगस्ट

यायला साडेआठ झाले. धो धो पाऊस. गच्चीवर गेलेच नाही.

३ ऑगस्ट

आज सुट्टी. सहालाच वर जाऊन बसले.

पाऊस दुपारीच थांबला होता. आधी काहीच होत नव्हतं. कळी पिळलेल्या रुमालासारखी घट्ट. साडेसहाच्या सुमारास एका कळीचा पीळ सैल झालेला दिसला, आणि मी दुसरीकडे बघून परत वळेपर्यंत ती आणखी सुटली होती. सातला मांडवभर पांढरी फुलं! पाकळ्या कागदासारख्या पातळ आणि चुरगळलेल्या, प्रत्येकीवर हिरवट शिरा. अंधारात पानं दिसेनाशी झाली तरी फुलं दिसत होती. ती पांढरी का, हे तेव्हा कळलं. संध्याकाळी उडणाऱ्या पतंगांना ती लांबून दिसावीत म्हणून. आत्याच्या परसात ते पतंग येतात, तिला काही करावं लागत नाही. माझ्या चौथ्या मजल्याच्या वरच्या गच्चीवर, या वाऱ्यात, अर्ध्या तासात एकही फिरकला नाही.

म्हणजे ते काम मीच करायचं होतं. एक नर फूल देठासकट खुडलं, पाकळ्या हळूच मागे दुमडल्या. मधल्या दांड्यावर बोट फिरवलं तर बोटाला पिवळी पूड लागली. मादी फुलाच्या मधोमध जाडसर, चिकट कुक्षी असते, तिच्यावर ती पूड अलगद टेकवत फिरवली. हात थरथरत होता. एका नर फुलात दोन मादी फुलं झाली. दुसऱ्या एका नर फुलाची पूड पानावरून ओघळलेल्या पाण्याने भिजून गोळा झाली होती, ते सोडून दिलं आणि तिसऱ्या मादीसाठी कोरडं शोधलं. तिन्हींच्या देठांना लाल दोरा सैलसर बांधला.

खाली आले तेव्हा लेकाने विचारलं, "आई, एवढा वेळ काय करत होतीस?" त्याला बोटावरची पूड दाखवली. तोही चप्पल घालून वर पळाला.

६ ऑगस्ट

तिन्ही धरले! माना खाली वळल्यात, देठ जाड झालेत, अंगावरची लव चकाकतेय. त्याच फांदीवरचं एक फूल मुद्दाम तसंच सोडलं होतं. ते पिवळं पडलंय.

१० ऑगस्ट

एक गेला. बाजूला वाकडा झाला होता आणि त्या जागी डिंकाचा मण्याएवढा थेंब. कापून पाहिलं, आत अळ्या. फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आतच अंडी घालते, मग वरून काही फवारून आतली अळी मरत नाही. उरलेल्या दोघांना मलमलच्या पिशव्या शिवून घातल्या. वेलवर्गाच्या फळमाशीचा कामगंध सापळाही आणून टांगला. त्यात नुसते नरच अडकतात, म्हणून पिशव्या काढणार नाही. खराब फळ मातीत टाकलं नाही, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवलं. मातीत गेलं असतं तर तिथेच कोष होऊन नव्या माश्या निघाल्या असत्या.

१८ ऑगस्ट

पंधरावा दिवस. मोठा दुधी हातभर झाला. सालीत नख सहज रुतलं, म्हणजे कोवळा आहे. कात्रीने देठ ठेवून कापला. चिरायच्या आधी एक चकती कच्चीच जिभेवर ठेवली. दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो, शिजवूनही खायचा नाही, रस तर नाहीच नाही. गोडसर होता. चणाडाळ घालून भाजी केली आणि आत्याला फोन लावून आधी तिला सांगितलं.

ती म्हणाली, "दुसरा काढू नकोस. बियाला ठेव."

तो आता वेलावरच वाळेपर्यंत राहील, हलवल्यावर आत बिया खुळखुळेपर्यंत. देठाचा लाल दोरा काढलेला नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. आता संध्याकाळचं पाणी लेक घालतो आणि कुठलं फूल कधी उमललं ते मला फोन करून सांगतो. आज सहा चाळीसला पहिलं उमललं.