गुरगुरणाऱ्या कुत्रीला गप्प बसवल्याची गोष्ट

भुरी आमच्याकडे आली तेव्हा साधारण तीन वर्षांची होती. ती पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर, रिक्षांच्या रांगेमागे वाढली होती आणि नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाचे टोक कापलेले होते. एका पावसाळी रात्री दुचाकीच्या धक्क्याने तिचा मागचा पाय मोडला. हाड जुळेपर्यंत म्हणून आम्ही तिला घरात घेतले आणि पाय बरा झाल्यावर तिला बाहेर सोडण्याचा विषय घरात कोणीच काढला नाही.

पहिले काही दिवस ती बाल्कनीच्या कोपऱ्यात बसून असे. मग एके सकाळी, ती वाडग्यातला भात खात असताना, आईने शेजारून केरसुणी फिरवली आणि भुरी गुरगुरली. दात दिसले नाहीत, ती जागची हललीही नाही. फक्त घशातून एक खोल, सलग आवाज आला. आईला फार लागले. "आपलंच खायचं आणि आपल्यावरच गुरगुरायचं?" असे ती दिवसभर म्हणत राहिली. मलाही ते उद्धटपणाचेच वाटले. ओळखीतल्या एका प्रशिक्षकाने सल्ला दिला की कुत्र्याला घरातला मालक कोण हे एकदा कळले पाहिजे. ती खात असताना वाडग्यात हात घालायचा, गुरगुरली की नाकाडावर चापटी मारायची आणि वाडगा उचलून घ्यायचा. मी हे महिनाभर नेमाने केले. महिन्याच्या शेवटी भुरीचे गुरगुरणे पूर्ण थांबले आणि आपल्याला कुत्रे कळते असा माझा समज झाला.

मे महिन्याच्या सुटीत माझा सहा वर्षांचा भाचा राहायला आला होता. वाडग्याबाहेर पडलेला पोळीचा तुकडा तो भुरीला उचलून द्यायला वाकला आणि तिने त्याच्या मनगटाला दात लावले. आधी गुरगुरणे नाही, भुंकणे नाही, काहीच नाही. जखम नखाएवढी होती, पण रक्त आले होते.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या घरातही त्या क्षणी कोणीतरी हळदीचा डबा आणायला धावले होते. कुत्र्याने चावल्यावर जखमेवर हळद, चुना, तिखट किंवा तेल यांपैकी काहीही लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे हा फार मोठा वेळ असतो, हे रडणारे मूल नळाखाली धरून ठेवल्यावर कळते. पण रेबीजचा विषाणू जखमेतच कमी करण्याचा तोच सर्वांत साधा मार्ग आहे. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लस त्वचेत द्यायची असेल तर पहिल्या लशीचा दिवस ० धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि स्नायूत द्यायची असेल तर १४ वा दिवस धरून पाच वेळा दिली जाते. रक्त आले असेल तर जखमेत आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, द्यावे लागते. आमच्या भुरीला रेबीजची लस दिलेली होती, तरीही डॉक्टरांनी भाच्याचे उपचार लगेच सुरू केले, आणि ते योग्यच होते.

भुरी आगाऊ सूचना न देता चावली असे आम्ही आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो. मग तिच्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंनी शांतपणे विचारले, "ती आधी गुरगुरत होती ना? मग ते कोणी बंद केलं?" सूचना देण्याची तिची सवय मीच मोडली होती. वाडग्याजवळ कोणी आले की तिला वाटणारी भीती जिथल्या तिथेच होती. ती भीती सांगण्याचा आवाज मात्र मी चापट्या मारून बंद केला होता, आणि त्या भीतीला चावण्याखेरीज दुसरी वाट उरली नव्हती.

केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी कुत्र्याच्या या बोलण्याची एक शिडी मांडली आहे. सर्वांत खालच्या पायरीवर डोळे मिचकावणे, जांभई देणे आणि नाक चाटणे असते. त्याने भागले नाही तर कुत्रे मान फिरवते, मग सगळे अंग फिरवते, उठून दूर जाते, कान मागे पाडून अंग आकसते, शेपूट पोटाखाली घेते. त्याच्याही वर ताठ होऊन रोखून पाहणे, मग गुरगुरणे, मग हवेत दात वाजवणे आणि सगळ्यात शेवटी चावणे. म्हणजे गुरगुरणे ऐकू येते तोवर कुत्र्याने बऱ्याच पायऱ्या चढलेल्या असतात आणि आपण त्यांतली एकही पाहिलेली नसते. प्रत्येक कुत्रे प्रत्येक वेळी याच क्रमाने चढते असे नाही, आणि खालच्या पायऱ्यांना कोणी कधी दादच दिली नाही तर ते त्या पुढच्या वेळी गाळू लागते.

हे वाचल्यावर मी भुरीकडे नव्याने पाहू लागलो. पाहुणे आले की ती जांभया देते. आम्ही त्याला आळस समजत होतो. शेजारच्या काकू प्रेमाने तिच्या डोक्यावर वरून हात ठेवतात तेव्हा ती मान दुसरीकडे करते, जिभेचे टोक झटकन नाकाला लावते आणि तिच्या डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. ही चंद्रकोर एकदा ओळखता आली की पुन्हा नजरेतून सुटत नाही. लहान मूल कुत्र्याच्या गळ्याला मिठी मारून हसते आहे असे फोटो कौतुकाने पाठवले जातात, त्यांतल्या कुत्र्याचे डोळे नीट पाहावेत. पुष्कळ फोटोंत ती चंद्रकोर असते. मिठी ही माणसांची रीत आहे, कुत्र्याच्या दृष्टीने ते अडकणे आहे.

शेपटीबद्दल तर आपला गैरसमज फारच पक्का आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रे खूष, असे आपण लहानपणापासून ऐकतो. प्रत्यक्षात शेपूट हलणे एवढेच सांगते की कुत्र्याच्या मनात खळबळ आहे. कमरेपासून सगळे अंग लवत, सैल, घोळदार हलणारी शेपूट वेगळी आणि काठीसारखी उंच, ताठ, टोकाशी थरथरणारी शेपूट वेगळी. २००७ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवले की मालक दिसला की कुत्र्यांची शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, दांडगे कुत्रे दिसले की डावीकडे. ही गोष्ट मोठी मजेची आहे, पण रस्त्यात समोर आलेल्या कुत्र्याची शेपूट डावी-उजवी मोजत बसण्यापेक्षा त्याचे अंग सैल आहे की ताठ एवढे पाहिले तरी पुरते.

दुसरा तितकाच पक्का गैरसमज 'चेहरा बघा, चूक कळलीय त्याला' हा. बाहेरून यावे, उशी फाटलेली दिसावी आणि कुत्रे खाली मान घालून, कान पाडून भिंतीला चिकटलेले असावे, हा अनुभव कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येकाला असतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खरोखर खाल्ला की नाही याचा त्या 'अपराधी' चेहऱ्याशी संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसत होता, आणि विनाकारण बोलणी खाणाऱ्या निरपराध कुत्र्यांत तो उलट जास्त ठळक होता. तो चेहरा म्हणजे शिडीच्या खालच्या पायऱ्याच असतात. उशी फाडल्यानंतर दोन तासांनी ओरडण्यातून कुत्रे उशीबद्दल काही शिकत नाही. तुम्ही दारातून आत आलात की कधी कधी भीतीदायक होता, एवढेच शिकते.

प्रशिक्षकाच्या 'मालक कोण' या तत्त्वाचेही मूळ मी शोधले. कळपाचा 'अल्फा', म्हणजे बाकीच्यांना दाबून ठेवणारा म्होरक्या, ही कल्पना मुख्यतः बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना परक्या लांडग्यांच्या निरीक्षणांतून आली. एल. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती फार पसरली, आणि त्याच मेक यांनी पुढे कॅनडातल्या एल्समियर बेटावर रानटी लांडगे वर्षानुवर्षे पाहून १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते. मूळ अभ्यासकाने मत बदलले, तरी चापटी मारणारे त्या कल्पनेवर अजून पोट भरत आहेत.

वाडग्याची गोष्ट निस्तरायला आम्हाला चार महिने लागले. पशुवैद्य बाईंनी सांगितलेला उपाय ऐकायला अगदी बाळबोध होता. भुरी खात असताना तिच्यापासून सात-आठ पावलांवरून जायचे, न थांबता उकडलेल्या चिकनचा एक तुकडा तिच्या दिशेने टाकायचा आणि निघून जायचे. वाडग्याला हात लावायचा नाही, तिच्याशी बोलायचे नाही. ती मान वर करून आपली वाट पाहू लागली, अंग सैल राहिले, तरच पुढच्या आठवड्यात एक पाऊल जवळ जायचे. ताठ झाली, घाईघाईने गिळू लागली, तर दोन पावले मागे. माणूस जवळ आला की वाडग्यातले जाते, हा मी शिकवलेला धडा पुसून, माणूस आला की वाडग्यात भर पडते, हा धडा बसवायचा होता. चिकन बिनमसाल्याचे आणि कांदा-लसणाशिवायचे हवे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिऱ्यातले बेदाणे आणि चॉकलेटही त्याच्यासाठी विषारी आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो. आणि हा सराव फक्त मोठ्यांनी करायचा; मुलांनी खाणाऱ्या कुत्र्याच्या वाटेला जायचेच नाही, हा नियम आमच्याकडे आजही कायम आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भुरी पुन्हा गुरगुरली. या वेळी मी गळ्यातला पट्टा काढत होतो तेव्हा. मी हात मागे घेतला आणि, खरे सांगतो, मला बरे वाटले. तिचा आवाज परत आला होता. आधी कधीच न गुरगुरणाऱ्या जागी कुत्रे गुरगुरू लागले तर वळण लावण्याआधी दुखणे शोधावे. दुसऱ्या दिवशी तपासणीत उजव्या कानात काळपट मळ, आंबूस वास आणि आतली त्वचा लाल झालेली सापडली. पावसाळ्यात दमट राहिलेल्या कानात असा संसर्ग सहज होतो. त्याच तपासणीत मागच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात दोन टपोरे गोचीडही निघाले. तेव्हापासून फिरून आल्यावर कानांच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि बोटांमध्ये हात फिरवून पाहणे हा रोजचा कार्यक्रम झाला आहे, कारण गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याला पार आडवे करतो. कान बरा व्हायला थेंबांची पूर्ण मुदत लागली आणि पट्ट्यावरचे गुरगुरणे आपोआप थांबले.

भाचा आता आठ वर्षांचा आहे. या सुटीत भुरी जांभई देऊ लागली की तो तिच्या शेजारून उठून दुसऱ्या खुर्चीत बसत होता, आणि आजीलाही उठवत होता. मी मात्र अजून एका जागी अडलेलो आहे. जुळलेल्या पायाच्या वरचा, मांडीचा भाग ती विंचरू देत नाही. कंगवा पाठीवरून खाली उतरला की तिची मान फिरते, जीभ नाकाला लागते आणि मी कंगवा बाजूला ठेवून खिशातला तुकडा काढतो. हाड दुखत असेल तर ते पाहण्यासाठी पुढच्या आठवड्यात क्ष-किरण तपासणी ठरवली आहे. तोवर तेवढ्या भागाचे केस सोफ्याला चिकटतात आणि आई ते रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते.