आमची वाटचाल : रात्री साडेदहाची विंडो

लातूरमध्ये बसून अंतराळयुद्धाचा ऑनलाइन गेम चालवतो म्हटलं की लोक आधी विचारतात, कोणत्या क्लासचं काम? या गावात कॉम्प्युटरवर बसणारा माणूस एक तर टेस्ट सिरीज बनवतो, नाही तर आडतीचं सॉफ्टवेअर, अशी समजूत आहे. ती कामंही आम्ही केली, आणि चांगली केली. पण औसा रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत खरी घडली ती वस्तू वेगळी आहे : ताब्याचा नियम. गेममधली कोणती सिस्टिम, म्हणजे तारा आणि त्याचे ग्रह, कोणाची, ती हिसकावायची कशी आणि राखायची कशी. त्याचं श्रेय दुसऱ्यांनी लाटलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा भागीदार नांदेडचा. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो आणि दोघंही ‘ईव्ह ऑनलाइन’ खेळायचो. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा हा गेम २००३ पासून चालू आहे. रोज आपल्या दुपारी साडेचारला त्यांचा सर्व्हर देखभालीसाठी बंद व्हायचा, तेवढ्यात आमचा चहा व्हायचा. त्या काळी तिथं ताब्यासाठी २००९ च्या ‘डोमिनियन’ या आवृत्तीचे नियम होते. सिस्टिममध्ये ये-जा करायची जी गेटं असतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त गेटांवर नाकेबंदीची ब्लॉकेड युनिट लावायची, मग कोट्यवधी एचपीचं, म्हणजे तेवढा मार सोसणारं, स्ट्रक्चर तासन्‌तास ठोकत बसायचं. ज्याचा ताफा मोठा, त्याचं आकाश. भागीदार तेव्हाच म्हणायचा, हे आपल्या पोरांना जमणार नाही. दिवसभर क्लास, मग मेस, आणि खेळायला मिळणार रात्रीचे दीड-दोन तास.

आमच्या ब्राउझर गेमची पहिली आवृत्ती डोमिनियनच्याच धर्तीवर होती. सर्व्हर सिंगापूरला भाड्यानं घेतलेला. नकाशा मात्र भिंतीवर : चार्ट पेपरवर पेन्सिलीनं आखलेले षटकोन, आणि प्रत्येक अलायन्सला, म्हणजे खेळाडूंच्या युतीला, एका रंगाच्या टाचण्या. आज स्क्रीनवर सगळं दिसतं, तरी तो कागद आम्ही काढलेला नाही. नवीन पोरांना सांगतो, नकाशा आधी भिंतीवर लावा. दोन गेटांच्या मधली कोंडी कागदावर जशी कळते तशी डेटाबेसच्या टेबलात कळत नाही.

२०१५ मध्ये ईव्हनं ताब्याचे नवे, ‘एजिस’चे नियम आणले. एचपी ठोकणं गेलं, एन्टोसिस लिंक हे ताबा हिसकावायचं यंत्र आलं. छोटं जहाजही लिंक लावून हब, म्हणजे सिस्टिमच्या ताब्याचं केंद्र, आव्हानाखाली आणू शकतं, पण बचाव करणाऱ्यानं निवडलेल्या विंडोतच, म्हणजे रोजच्या ठरावीक तासांतच. मग काही काळानं टायमर सुटतो, म्हणजे मधली थांबायची मुदत संपते, आसपासच्या सिस्टिम्समध्ये कमांड नोड, म्हणजे काबीज करायची ठाणी, उगवतात आणि तिथं खरी रस्सीखेच होते. लिंकला लागणारा वेळ मालकांच्या तिथल्या वर्दळीवर ठरतो : जिथं वर्दळ नाही तिथं दहा मिनिटांत काम, जिथं वर्दळीचा गुणक सहा आहे तिथं साठ मिनिटं. विंडो आणि नोड त्यांच्याकडूनच घेतले, ते आम्ही कधी लपवलं नाही. आमचं स्वतःचं आहे ते वर्दळ मोजायचं गणित. त्याकडे येतोच.

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. घरी टँकरची वाट बघायची आणि ऑफिसला येऊन इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरायचं, असे ते दिवस. त्याच उन्हाळ्यात मोठ्या शहरातली एक पब्लिशर कंपनी आमच्याकडे आली. गेम आम्ही देशभर नेऊ म्हणाले. पहिला हप्ता दिला आणि ‘टेक्निकल तपासणी’साठी सोर्स कोड मागितला. विंडोचा कोड नुकताच लिहून झाला होता, तोही त्यात गेला. त्यानंतर दुसरा हप्ता नाही, फोन नाही, मेलला उत्तर नाही. त्यांच्या भरवशावर आम्ही आडतीची कामं बंद केली होती. सर्व्हरचं बिल भागवायला भागीदारानं मोटरसायकल विकली. हे मी त्याला न विचारता लिहितोय, कारण तो स्वतः कधी सांगणार नाही.

आता अंबाजोगाईच्या सरांबद्दल. शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्या गेममध्ये पहिल्या महिन्यापासून पैसे भरून खेळायचे. प्रत्येक टायमर चौकटीच्या वहीत लिहायचे : सिस्टिम, हल्ला कधी, टायमर कधी सुटणार, कोण ऑनलाइन होतं. एके दिवशी त्या वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला. खाली लिहिलं होतं : ‘विंडो साडेदहा ते दीड ठेवली आहे, पण बारा वाजले की हब सुरक्षित होतं. सलग चार रात्री पाहिलं.’ भागीदारानं कोड उघडला. विंडोची सुरुवात ‘आजची तारीख अधिक साडेदहा’ अशी काढली जात होती. बारा वाजले की आजची तारीख बदलायची, आणि विंडो पुढच्या रात्रीवर उडी मारायची. सकाळ व्हायच्या आत आम्ही ते दुरुस्त केलं. सुरुवातीचा क्षण तारखेसकट साठवायचा, रोज नव्याने काढायचा नाही. गेम लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे पाठ करून ठेवावं.

पुढच्या वर्षी त्या पब्लिशरचा स्वतःचा गेम बाजारात आला. ग्रहांची चित्रं वेगळी, नावं वेगळी, जाहिरात भरपूर. सरांनी तिथं खातं काढलं, एक हब घेतलं, विंडो साडेदहाला लावली आणि रात्री बारा वाजता मोबाइलवर व्हिडिओ काढून आम्हाला पाठवला. हब सुरक्षित झालं होतं. आमच्या सिंगापूरच्या सर्व्हरवर आठवडाभरच जगलेला तो दोष त्यांच्याकडे नांदत होता. याहून मोठा पुरावा काय हवा? नोटीस पाठवली. त्यांच्या वकिलानं करारातलं कलम दाखवलं : वाद झाल्यास न्यायालय त्यांच्या शहरातलं. लातूरहून तारखांना जायचं म्हणजे किती खर्च, याचा हिशेब त्यांनी आधीच केला होता. करार समोर आला की पैशांचा आकडा नंतर वाचा, न्यायालय कुठलं ते आधी वाचा.

त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र गेली नव्हती, कारण ती आम्ही नंतर केली. वर्दळ मोजायचं गणित. आमच्या लक्षात आलं होतं, की एकच मुलगा पाच टॅब उघडून रात्रभर खाणकाम चालवतो आणि गुणक वाढवतो. मग आम्ही तास मोजणं बंद केलं आणि माणसं मोजायला लागलो : सात रात्रींत किती वेगवेगळे खेळाडू त्या सिस्टिममध्ये खरोखर काही करून गेले. कसेल त्याची जमीन, तोच न्याय. पंधरा पोरांचा गट तीन सिस्टिम्स नीट राखू शकतो, आणि दोनशेंच्या अलायन्सला रिकामी आकाशं अडवून बसता येत नाही. त्यांच्या गेममध्ये एकाच अलायन्सनं सगळा नकाशा गिळला, बाकीचे निघून गेले, आणि एक दिवस सर्व्हर बंद झाला. आमचा चालू आहे.

मधली वर्षं बरी गेली. सर्व्हर मुंबईला आला, पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, सुधारला, दोन मुलं कामाला ठेवली.

सिस्टिम ताब्यात ठेवायला गेममध्ये भाडं भरावं लागतं, त्याचंही सांगतो. २७ जानेवारी २०१४ ला ईव्हमध्ये बी-आर५आरबी नावाच्या सिस्टिमचं बिल भरायचं राहिलं. ताबा सुटला, आणि तिथं साधारण २१ तास लढाई चालून ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, गेली. गर्दीमुळे सर्व्हरनं खेळाचा वेग दहा टक्क्यांवर आणला होता. म्हणून आमच्याकडे भाडं थकलं तर तीन दिवसांची मुदत आणि रोज एक एसएमएस असतो. युद्ध खेळाडूंनी ठरवून करावं, विसरण्यातून होऊ नये, हा सरांचा आग्रह. सर आता निवृत्त झालेत. विंडो अजून साडेदहाचीच आहे.

वर्दळीचा गुणक आम्ही सहापर्यंत नेलेला नाही, चारवर थांबवलाय. सहावर जुना गट इतका घट्ट बसतो की नव्या पोरांना एक सिस्टिमही मिळत नाही. ज्यांना स्वतःचा गेम काढायचा आहे त्यांनी तीनपासून सुरू करावं आणि दोन सीझन बघून मगच वाढवावं. गुणकाचं कोष्टक हवं असेल तर ऑफिसला या, दुपारी चारनंतर भागीदार असतो.